रस्त्याचे दुखणे आणि अर्जाचा कागद

वाचकहो, या सदरात आपण रक्तदाबावर बोललो, मधुमेहावर बोललो, उष्माघातावर तर दर उन्हाळ्यात बोलतोच. आजचा विषय मात्र सरकारी अर्जाचा आहे. आरोग्याच्या पानावर अर्जाचे काय काम, असे आपण म्हणाल. मी हाडांचा डॉक्टर. मोडलेले हाड जुळवून देणे हा माझा व्यवसाय. पण इतक्या वर्षांत माझ्या नोंदवहीने मला एक गोष्ट शिकवली, ती ही की ठरावीक ठिकाणाहून ठरावीक हाडे मोडून येतात. अमुक वळणावरून पायाची नळी मोडलेली शाळकरी मुले, तमुक उंचवट्यावरून मणका दबलेल्या, गाडीवर मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या बायका, आणि अंधाऱ्या चौकातून खुबा मोडलेले म्हातारे. एकाच विहिरीवरचे दहा लोक जुलाबाने आजारी पडले तर आपण लगेच म्हणतो, पाणी तपासा. एकाच चौकातून दहा हाडे मोडून आली तर मात्र म्हणतो, ज्याचे त्याचे नशीब!

नशिबाचा हिशेब जरा पाहू. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील १५,२२४ आपल्या महाराष्ट्रातली. मेलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. ५०,०२९ जणांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते, हेही त्याच अहवालात आहे. तेव्हा पुढे मी रस्त्याच्या दोषांविषयी जे लिहिणार आहे, त्याचा अर्थ हेल्मेट घरी खुंटीला टांगून ठेवायला मोकळीक, असा कोणी काढू नये.

शरीराला इजा होते ती वेगातल्या शक्तीने. ताशी ३० किलोमीटर वेगाने वाहनाची धडक बसणे म्हणजे साधारण साडेतीन मीटरवरून, एका मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे. वेग ६० वर गेला की उंची दुप्पट होत नाही, चौपट होते. ते चौदा मीटर भरते, म्हणजे चार मजल्यांहून अधिक. एका मजल्यावरून पडलेला माणूस बहुधा माझ्याकडे येतो. चौथ्या मजल्यावरून पडलेला बहुधा येत नाही. अमेरिकेत विल्यम हॅडन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. १९६६ साली तिथल्या सरकारने रस्ता सुरक्षेसाठी खाते काढले, त्याचे ते पहिले प्रमुख. त्यांचे म्हणणे असे की अपघात हाही साथीच्या रोगासारखाच तपासावा. माणूस, वाहन आणि परिसर या तिन्हींकडे पाहावे आणि जिथे उपाय सर्वांत सोपा, तिथे हात घालावा. शेकडो माणसांचा स्वभाव बदलण्यापेक्षा एका चौकात दिवा लावणे सोपे असते. दिव्याला मात्र पैसे लागतात, पैशाला मंजुरी लागते आणि मंजुरीला अर्ज लागतो. म्हणून हा लेख.

माझ्या दवाखान्यापासून थोड्या अंतरावर असाच एक चौक आहे. नाव मुद्दाम देत नाही. एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला सायंकाळचा भाजीबाजार आणि मधून जड वाहनांचा रस्ता. वस्तीतले एक सेवानिवृत्त मास्तर, दोन गृहिणी आणि कोपऱ्यावर पानठेला चालवणारा एक तरुण अशी चार मंडळी एके दिवशी फाईल घेऊन माझ्याकडे आली. अकरा महिन्यांत त्यांनी तीन कार्यालयांत अर्ज दिले होते. तिन्हीकडून उत्तर जवळजवळ सारखेच होते, ‘सदर रस्ता या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ मास्तर शांत होते. पानठेलेवाला नव्हता. म्हणाला, “डाक्टरसाहेब, रस्ता कोनाचाच नाही म्हनते. मंग आमी पडतो ते कोनाच्या जागेत?”

प्रश्न अगदी मुळाचा आहे. गंमत म्हणजे, त्याचे उत्तर पहिल्यांदा आपल्या नागपुरातच लिहिले गेले. बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली १९२७ साली रस्त्यांविषयी एक समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीतून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था निघाली. पुढे १९४३ साली देशभरातील मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांची रस्ते योजना आखली. अभियांत्रिकीच्या पुस्तकांत आजही ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच शिकवली जाते. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही वर्गवारी त्या योजनेची देणगी. कोणता रस्ता कोणी सांभाळायचा, हे आजही त्याच वर्गवारीवरून ठरते. मात्र त्याच शहरातल्या माणसाला आपल्या दारातला रस्ता कोणाचा, हे अकरा महिने कळू नये, याला काय म्हणावे?

ढोबळमानाने सांगतो. राष्ट्रीय महामार्ग केंद्राचे. त्यांचे काम राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण किंवा राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातील राष्ट्रीय महामार्ग विभाग पाहतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे. शहरातले बहुतेक रस्ते महापालिकेचे, तर काही ले-आऊटमधले नागपूर सुधार प्रन्यासचे किंवा शहराबाहेरच्या पट्ट्यात महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचे. गावाकडच्या वाचकांसाठी एक सोपी खूण आहे. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडाचे डोके पाहा. पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्य मार्ग, नारिंगी असेल तर ग्रामसडक. आपण अजून ज्याला ‘सात नंबर’ म्हणतो तो रस्ता आता कागदोपत्री राष्ट्रीय महामार्ग ४४ आहे आणि ‘सहा नंबर’चा ५३ झाला आहे. अर्जात जुना आकडा लिहिला तर कारकुनाला कागद परत पाठवायला आयतेच निमित्त मिळते.

शहरात खूण इतकी सोपी नसते. एकाच चौकात डांबर एका खात्याचे, दिवे दुसऱ्याचे, सिग्नल तिसऱ्याचे आणि पदपथावरचे अतिक्रमण चौथ्याचे असू शकते. मास्तरांनी शेवटी माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज केला आणि एकच प्रश्न विचारला, ‘अमुक ठिकाणापासून तमुक ठिकाणापर्यंतच्या रस्त्याची देखभाल व दुरुस्ती कोणत्या कार्यालयाकडे आहे?’ उत्तर लेखी आले. फाईलमध्ये पहिल्या पानावर लावायचा कागद तो हाच. तो जवळ असला की ‘आमचा रस्ता नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकावे लागत नाही.

आता अनुदानाविषयी. लोकांची समजूत अशी असते की अर्ज केला की सरकार आपल्या मंडळाच्या खात्यात पैसे टाकेल आणि मग आपण गतिरोधक बांधू. तसे होत नाही आणि होऊही नये. रस्त्याच्या कामाचा पैसा त्या रस्त्याच्या मालक खात्याकडे जातो. नागरिकांनी करायचा तो प्रस्ताव, पुरावा आणि पाठपुरावा. संस्थेच्या हाती येणारे पैसे असतात ते प्रबोधनाचे. रस्ता सुरक्षेच्या प्रचारासाठी नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांना केंद्रीय मंत्रालय अर्थसाहाय्य देत आले आहे. त्यासाठी संस्थेची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक आणि नंतर उपयोगिता प्रमाणपत्र अशी कागदपत्रे लागतात. योजनेच्या अटी बदलत असतात, तेव्हा त्या वर्षाची सूचना पाहूनच अर्ज करावा. माझे वैयक्तिक मत विचाराल तर फेऱ्या, फलक आणि छापील टी-शर्ट यांवर खर्च होणाऱ्या पैशांतून आधी शाळेसमोरचे पांढरे पट्टे रंगवावेत. पूर्वी रस्ता सुरक्षा सप्ताह असे, आता जानेवारीत महिना असतो. महिना संपला की फलक उतरतात. पट्टे निदान पावसाळ्यापर्यंत टिकतात. आपल्या शहरात जनआक्रोशसारख्या संस्थेचे स्वयंसेवक, त्यांत बरेच निवृत्त गृहस्थ, चौकात उभे राहून वाहनचालकांना समजावतात. त्या तळमळीबद्दल मला आदरच आहे. पण माणूस उन्हात उभा आहे तोवरच तो उपाय चालतो.

पैसा येतो कोठून? सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ च्या निकालात प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली रस्ता सुरक्षा समिती असावी आणि राज्याने रस्ता सुरक्षा निधी उभारून वाहतूक दंडाचा काही भाग त्यात घालावा, असे आदेश दिले. कोईमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. एस. राजसीकरन यांच्या याचिकेवरचा हा निकाल. याचिकाकर्ता हाडांचा डॉक्टर होता, हे मी माझ्या व्यवसायबंधूंना मुद्दाम सांगत असतो. या समितीत पोलीस, परिवहन, बांधकाम, आरोग्य अशी सगळी खाती एका टेबलाशी बसतात. डांबर एकाचे आणि दिवे दुसऱ्याचे असलेल्या चौकाला याहून योग्य टेबल नाही. त्याशिवाय जिल्हा वार्षिक योजनेचा निधी असतो. त्याचा निर्णय पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा नियोजन समिती करते. खासदारांचा स्थानिक क्षेत्र विकास निधी १९९३ पासून आहे आणि आता तो वर्षाला ५ कोटी आहे. खासदार काम सुचवतात, मंजुरी जिल्हा प्रशासन देते. आमदार निधीचेही तसेच. महापालिकेच्या हद्दीत झोन कार्यालयातून अंदाजपत्रकात काम घालून घेता येते. खेड्यात ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतला अबंधित भाग असतो. मात्र ते काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात आलेले असावे लागते आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. ग्रामसभेला न जाता सरपंचाच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. प्रत्येक ठिकाणी मागण्या पैशापेक्षा जास्त असतात. तुमचाच चौक का, याचे उत्तर ज्या कागदात असेल तो कागद पुढे सरकतो. आणि ते उत्तर भावनेत नसते, मोजणीत असते.

मोजणीचे शास्त्र आमच्या वैद्यकाला जुने आहे. १८५४ साली लंडनमध्ये पटकीची साथ आली तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू कोणत्या घरात झाले, ते नकाशावर मांडले. बहुतेक खुणा एका पंपाभोवती जमलेल्या दिसल्या. पंपाचा दांडा काढायला लावला. आपल्याला तेच करायचे आहे. सरकारी भाषेत ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे राष्ट्रीय महामार्गावरचा सुमारे ५०० मीटरचा असा तुकडा, जिथे तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा दहा मृत्यू झाले. वाचताना अंगावर काटा येतो, कारण दहा जण जाईपर्यंत थांबायचे असा याचा अर्थ होतो! आमच्या चौकात तसे काही नव्हते. पोलिसांच्या नोंदीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतके अपघात. माझ्या नोंदवहीत त्याच्या कितीतरी पट.

हा फरक का पडतो, हे वाचकांनी समजून घ्यावे, कारण तो तुमच्याच हातात आहे. गाडीवरून पडलेला माणूस खाजगी दवाखान्यात येतो आणि सांगतो, “घरीच जिन्यावरून पडलो.” पोलिसांचे झंझट नको, गाडीचा विमा संपलेला, ज्याने धडक दिली तो ओळखीचा, किंवा त्याने जागेवरच हजार रुपये दिलेले. कारणे अनेक. पण त्या एका वाक्याने त्या चौकातला अपघात सरकारच्या लेखी घडलाच नाही, असे होते. आता देशभर अपघातांची नोंद ई-डार या संगणक प्रणालीत होते आणि निधीची मागणी तपासताना तीच नोंद उघडली जाते. जे तिथे नाही त्याला पैसा नाही. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला त्रास होईल ही भीतीही आता जुनी झाली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि स्वतःची ओळख सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी विनारोकड उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च धरला आहे. पण घरी जिन्यावरून पडलेल्याला ती कशी मिळणार?

मी त्या चौघांना माझ्या नोंदवहीतून एक तक्ता करून दिला. रुग्णांची नावे नाहीत, पत्ते नाहीत. फक्त महिना, दिवसाची वेळ, वयोगट, पायी की वाहनावर, आणि चौकाच्या कोणत्या कोपऱ्यावर. शेजारच्या दोन डॉक्टरांनीही तसेच तक्ते दिले. गृहिणींनी आठवडाभर सकाळी शाळेच्या वेळी आणि सायंकाळी बाजाराच्या वेळी बसून रस्ता ओलांडणारी माणसे मोजली, पाच-पाचच्या काड्या ओढून. पानठेलेवाल्याने थोडक्यात वाचलेले प्रसंग एका वहीत लिहिले. तो दिवसभर तिथेच असतो, त्याच्याहून चांगला साक्षीदार कोण? या वहीला हसू नये. २०२१ साली आपल्या नागपुरात ‘आय-रास्ते’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे व संगणक बसवून धडक होता होता राहिलेल्या जागा टिपल्या जातात आणि पुढे ब्लॅक स्पॉट होऊ शकतील अशा जागांना ‘ग्रे स्पॉट’ म्हणतात. पानठेल्यावरची वही म्हणजे तीच विद्या, बिनखर्चाची.

सगळ्या खुणा नकाशावर मांडल्यावर आम्हाला जे दिसले ते अपेक्षेपेक्षा वेगळे होते. सर्वांना वाटत होते की शाळेच्या फाटकासमोर गतिरोधक हवा. पण मुले फाटकासमोर पडतच नव्हती. ती पडत होती तीस-चाळीस पावले पुढे, जिथे आटो उभे राहतात आणि त्यांच्या आडून मुले एकदम रस्त्यावर येतात. म्हातारी माणसे पडत होती बाजाराच्या बाजूला, दिवा नसलेल्या कोपऱ्यावर, पदपथाचे झाकण उचकटलेल्या जागी. तिथे गतिरोधक बांधून कोणाचा खुबा वाचला असता?

गतिरोधकाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण या एका वस्तूने मला जितके रुग्ण दिले तितके फार थोड्या गोष्टींनी दिले असतील. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि तब्बल ३.७ मीटर रुंद असतो. वाहन त्यावर हळूच चढते आणि हळूच उतरते. आपल्या मोहल्ल्यात अपघात झाला की दुसऱ्या दिवशी डांबराचा वरवंट्यासारखा उंचवटा उभा राहतो, ना रंग, ना आधी फलक. मागे बसलेली बाई हवेत उडून टणकन सीटवर आदळते. वय पन्नाशीच्या पुढचे आणि हाडे ठिसूळ असतील तर कमरेच्या वरचा मणका पाचरीसारखा दबतो. गरोदर स्त्रीचे तर विचारूच नका. म्हणून अर्जात ‘गतिरोधक बांधून द्यावा’ असे कधी लिहू नये. दुखणे सांगावे, औषध अभियंत्याला ठरवू द्यावे. रुग्णाने येऊन ‘अमुक इंजेक्शनच द्या’ म्हटलेले आम्हालाही आवडत नाही.

अर्ज एका पानाचा असावा. मास्तरांनी लिहिलेल्या अर्जाचा मसुदा साधारण असा होता: ‘प्रति, मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा रस्ता सुरक्षा समिती, नागपूर. विषय: अमुक चौकातील पादचाऱ्यांच्या अपघातांबाबत संयुक्त पाहणी होऊन उपाययोजनेस निधी मिळणेबाबत. महोदय, सदर रस्त्याची देखभाल अमुक कार्यालयाकडे असल्याचे त्यांचे पत्र सोबत जोडले आहे. मागील तीन वर्षांतील पोलीस नोंदी, तीन दवाखान्यांतील जखमींचा तक्ता, रस्ता ओलांडणाऱ्यांची मोजणी व नकाशा सोबत आहे. सकाळी शाळेच्या वेळी मुलांना आणि सायंकाळी अंधारात वृद्धांना इजा होत आहेत. तरी बांधकाम, वाहतूक पोलीस व विद्युत विभागांची संयुक्त पाहणी व्हावी, उपायांचे अंदाजपत्रक तयार करण्याचे आदेश व्हावेत, आणि काम समितीच्या पुढील बैठकीत घ्यावे, ही विनंती.’ खाली सह्या आणि शाळेचे पत्र. प्रती मालक खात्याला, वाहतूक पोलिसांना आणि लोकप्रतिनिधींना. पोच घेताना शिक्का आणि आवक क्रमांक बघून घ्यायचा, नुसती सही नाही.

यात धमकीची भाषा नाही, हे लक्षात आले असेल. कायद्यात कलम १९८-अ आहे. रस्त्याची रचना किंवा देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्याने कोणी मेले वा अपंग झाले तर जबाबदार यंत्रणेला व ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मास्तरांना ते कलम अर्जात घालायचे होते. मी नको म्हटले. पहिल्याच कागदात वकिली आली की अभियंता पाहणीऐवजी स्वतःच्या बचावाला लागतो. अर्ज दोनदा अनुत्तरित राहिला तर तिसऱ्या स्मरणपत्रात ते कलम शोभते.

मोजणीला किती किंमत आहे, याचे एक उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. नागपूरहून शिवनीकडे जाणारा महामार्ग पेंचच्या जंगलातून चौपदरी करायचा होता. बराच न्यायालयीन वाद झाला, वन्यजीव शास्त्रज्ञांनी प्राण्यांच्या वाटा मोजून दाखवल्या आणि अखेर मनसर ते खवासा या टप्प्यात वाघ-हरणांना रस्त्याखालून जाण्यासाठी नऊ ठिकाणी मोकळ्या वाटा ठेवल्या गेल्या. नंतर लावलेल्या कॅमेऱ्यांत वाघ तिथून जाताना दिसलेही. मला त्याचा आनंदच आहे. फक्त मनात येते की वाघाच्या पायवाटेची जशी नोंद झाली, तशी आपल्या पोरांच्या शाळेच्या वाटेची कोणी ठेवली असती तर?

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण त्यात कंटाळ्याशिवाय फारसे काही नाही. संयुक्त पाहणी झाली, अंदाजपत्रक झाले, प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता झाली, निविदा निघाली. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली आणि सगळे जागच्या जागी थांबले. मार्च जवळ आला तसा वेग आला. मार्चअखेरीस पैसा परत जाऊ नये म्हणून खात्यांनाही तयार प्रस्ताव हवाच असतो. ज्याची फाईल जानेवारीत पूर्ण आहे, त्याचे काम मार्चमध्ये होते. पट्टे रंगवण्याची वेळही आम्ही मागून घेतली. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तेव्हा पाऊस सुरू झालेला असतो आणि ओल्या डांबरावर रंग धरत नाही. म्हणून काम नवतपाच्या आधी व्हावे, हे पत्रात लिहून दिले होते आणि ते ऐकले गेले.

आज त्या चौकात आटो थांबण्याची जागा मागे सरकली आहे. ओलांडण्याच्या ठिकाणी रस्ता हलकेच उंचावून पट्टे मारले आहेत, आधी फलक आहे आणि पदपथाचे झाकण बसले आहे. बाजाराच्या कोपऱ्यावरचा दिवा अजून लागलेला नाही. तो वेगळ्या लेखाशीर्षातून व्हायचा असल्याने त्याची फाईल निराळी आहे आणि मास्तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनात तिचा आवक क्रमांक घेऊन उभे राहतात. सकाळच्या वेळची मुले माझ्याकडे कमी येतात, असे मला वाटते. पण एवढ्या थोड्या महिन्यांवरून निष्कर्ष काढणे बरे नाही, म्हणून वर्षभर तक्ता चालू ठेवायचे ठरले आहे. काम झाल्यावर मोजणी थांबवणे म्हणजे औषध देऊन पुन्हा नाडी न बघणे. शिवाय नव्या कामाच्या दुरुस्तीची जबाबदारी ठरावीक काळ ठेकेदारावर असते. पट्टे पुसले, फलक वाकला तर त्या मुदतीत लेखी कळवावे, म्हणजे नव्या निधीची गरज पडत नाही.

जाता जाता एका पत्राचे उत्तर. काटोल तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारले आहे की शाळेसमोर राज्य मार्ग आहे, मुख्याध्यापिका स्वतः अर्ज करू शकते का, की ग्रामपंचायतीमार्फतच करावा लागेल? बाई, आपण शाळेच्या नावाने थेट अर्ज करू शकता. शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून घ्या आणि ग्रामसभेचाही जोडता आला तर उत्तम. रस्ता राज्य मार्ग आहे, तेव्हा अर्ज सार्वजनिक बांधकाम विभागाच्या आपल्या उपविभागाला द्या आणि प्रत जिल्हाधिकाऱ्यांना पाठवा. मुलांकडून मोजणी करून घेणार असाल तर त्यांना रस्त्याच्या कडेला उभे करू नका, शाळेच्या कुंपणाच्या आत बसवा.